भूमिगत

‘भूमिगत’ हा शब्द उच्चारला की आमच्या सातारा जिल्ह्यातल्या माणसाला बेचाळीसची चळवळ आठवते. क्रांतिसिंह नाना पाटील आठवतात, प्रतिसरकार आठवते. भूमिगत असणे म्हणजे केवळ लपणे नव्हे. सरकारला ठावठिकाणा लागत नसे, पण गावाला तो पक्का ठाऊक असे, आणि त्या ठाऊक असण्यावरच सारा भरवसा होता. गेल्या वर्षी हाच शब्द मला विजेच्या एका अंदाजपत्रकात भेटला, तेव्हा हा जुना अर्थ आपल्याला पुढे उपयोगी पडेल असे काही वाटले नव्हते.

कऱ्हाडच्या बाहेर बिगरशेती झालेल्या एका तुकड्यावर आम्ही चौदा कुटुंबांनी घरे बांधली. तिन्ही बाजूंनी ऊस. लोंबत्या तारा वाऱ्याने एकमेकींना घासल्या, ठिणगी पडली आणि उभा फड जळाला, ही बातमी इकडे दर हंगामात वाचायला मिळते. त्यातून रस्त्याच्या कडेला जुनी कडुनिंबाची झाडे; वरून तारा नेल्या तर दर पावसाळ्याआधी त्यांचे शेंडे छाटणे आले. म्हणून वीज जमिनीखालून आणायची ठरली. खांबांपेक्षा याला कितीतरी पट खर्च येतो आणि तो आम्हालाच उचलायचा होता. बैठकीत एका निवृत्त गुरुजींनी विचारले, “म्हणजे पैसे अक्षरशः मातीत घालायचे?” सगळे हसले, पण वर्गणी काढताना ते हसू बरेच ओसरले होते.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगते. अर्ज, जागेची पाहणी, अंदाजपत्रक, मंजुरी, परवानाधारक कंत्राटदाराची नेमणूक. 2020च्या वीजग्राहक हक्क नियमांत आणि 2024च्या दुरुस्तीत नव्या जोडणीसाठी दिवसांची मुदत घातली आहे. महानगरांत तीन दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत सात, ग्रामीण भागात पंधरा. आमचे एक उत्साही शेजारी तो आकडा सर्वांना ऐकवीत. मात्र जिथे वाहिनीच वाढवावी लागते तिथे ही मुदत तशी लागू होत नाही. आमचे सात महिने गेले.

खरी गोष्ट चराची आहे. घरांकडे येणारी कमी दाबाची केबल जमिनीखाली किमान पाऊण मीटर असावी, रोहित्राकडे येणारी अकरा हजार व्होल्टची नव्वद सेंटिमीटर, असे भारतीय मानक सांगते. खाली वाळूचा थर, त्यावर पोलादी कवचाची केबल, पुन्हा वाळू, मग विटा किंवा फरशा, माती, आणि त्या मातीत धोक्याची सूचना छापलेली पट्टी. हा क्रम मला फार आवडला. उद्या खणणाऱ्या अनोळखी माणसाशी साधलेला तो संवादच आहे. आधी पट्टी दिसेल, न दिसली तर वीट लागेल, आणि विटेवर कुदळ वाजली की हात थांबेल.

पहिले काही दिवस काळी माती निघाली, मग पिवळा मुरूम. पाचव्या घरापाशी दीड फुटावरच खडक लागला. कंत्राटदाराचा मुकादम म्हणाला, “इथं एवढ्यावरच टाकू, वरून काँक्रीट मारू. बुजवल्यावर कोण बघतंय?” आमच्यातल्या काहींना ते पटलेही, पावसाळा तोंडावर होता आणि पैसे संपत आले होते. मी विरोध केला. माझे शास्त्राचे ज्ञान बेताचेच, पण ‘कोण बघतंय’ हे वाक्य परीक्षेच्या पर्यवेक्षणात इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा अर्थ मला बरोबर कळतो. तीन संध्याकाळी वाद झाला. अखेर ब्रेकर मागवून खडक फोडला. त्याचे जादा पैसे निम्मे त्यांनी, निम्मे आम्ही सोसले.

या वादात एक बाजू बोलतच नव्हती. चर खणणारी चार जोडपी नांदेडकडची होती. त्यांतली एक बाई दुपारी पाणी प्यायला माझ्या ओट्यावर आली आणि सहज म्हणाली, “खूण ठेवा बाई वर. न्हायतर पुढच्या खेपंला आमच्यातलाच कुणी कुदळ मारंल.” तिचा दीर दुसऱ्या एका शहरात असाच भाजला होता. बुजवलेल्या चरात, नोंद नसलेल्या केबलवर.

खांबावरची तार दिसते. तिच्यापासून माणूस आपसूक लांब राहतो. जमिनीखाली गेलेली तार मात्र कुणीतरी लक्षात ठेवावी लागते. आमचे पूर्वज बांधावर हद्दीचे दगड रोवत, त्यांची साक्ष द्यायला गावातले जाणते बोलावत. आमच्या चौदा घरांत जाणता कोण? निम्मी कुटुंबे बदलीची, काही घरे भाड्याने जाणार. म्हणून चर उघडा असतानाच आम्ही टेप धरून मापे घेतली. कुंपणाच्या कोपऱ्यापासून किती, विहिरीच्या कठड्यापासून किती, सांधा कुठे, जादा केबलचा वेढा कुठे ठेवला आहे, हे सगळे लिहिले. सांधा हा केबलचा सर्वांत दुबळा भाग असतो, असे कळल्यापासून तो नकाशात लाल शाईने दाखवला आहे. कंत्राटदाराने टाकलेल्या मार्गाचा सही केलेला नकाशा देईपर्यंत शेवटचा हप्ता थांबवला. तो रागावला, पण नकाशा आला. वळणांवर आणि सांध्यावर खुणेचे दगड बसले.

मेगर लावून चाचणी झाली, मीटर बसले, जूनच्या पहिल्या आठवड्यात दिवे लागले. गुरुजींनी पेढे वाटले.

नकाशाची प्रत आता प्रत्येक घरी आहे. मूळ प्रत चौकट करून पाण्याच्या टाकीजवळच्या खोलीत लावली आहे. मागच्या महिन्यात गुरुजी आंब्यासाठी खड्डा घ्यायला निघाले. पहार टेकवण्याआधी ते त्या खोलीत गेले, चष्मा पुसून नकाशा वाचला आणि खड्डा चार हात पूर्वेला सरकवला.