चार दरवाजांचे हरमंदिर साहिब

शिखांचे सर्वांत पवित्र स्थान कोणते, असे विचारले तर आपल्या घरातील मुलेही चटकन ‘सुवर्णमंदिर’ म्हणतात. पण ते कोणी बांधले, किती वेळा पाडले गेले आणि मुसलमानांचा त्याच्याशी काय संबंध आला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. गेल्या हिवाळ्याच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब अमृतसरला गेलो. मराठवाड्यातल्या लोकांना हा प्रवास सोपा आहे. नांदेडहून सुटणारी सचखंड एक्सप्रेस औरंगाबाद, मनमाडमार्गे थेट अमृतसरला पोहोचते.

शीख या स्थानाला हरमंदिर साहिब किंवा दरबार साहिब म्हणतात. चौथे गुरू रामदास यांनी १५७७ मध्ये येथे तलाव खोदायला सुरुवात केली. अमृताचे सरोवर ते अमृतसर. शहराचे नाव या तलावावरूनच पडले. पाचवे गुरू अर्जनदेव यांनी तलावाच्या मध्यभागी मंदिर उभारले. १६०४ मध्ये त्यांनी संपादित केलेला आदिग्रंथ तेथे ठेवण्यात आला. पंजाबचे सूफी बुजुर्ग बाबा फरीद, काशीचे कबीर आणि आपल्या महाराष्ट्राचे संत नामदेव या तिघांच्याही रचना त्या ग्रंथात आहेत.

या मंदिराची पहिली वीट लाहोरचे कादिरी सूफी हजरत मियाँ मीर यांच्या हस्ते ठेवली गेली, अशी शीख परंपरा आहे. समकालीन लिखाणात तशी नोंद मिळत नाही, असे काही इतिहासकारांचे मत आहे. पण आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हे, की ही आठवण शिखांनी स्वतःहून जपली. पुढे जे घडले ते पाहता ही आठवण पुसून टाकणे त्यांना सहज शक्य होते.

कारण पुढचा इतिहास कडू आहे. १६०६ मध्ये जहांगीर बादशहाच्या हुकुमाने गुरू अर्जनदेव यांचा लाहोरात छळ होऊन अंत झाला. त्याच वर्षी त्यांचे पुत्र गुरू हरगोबिंद यांनी मंदिरासमोर अकाल तख्त उभारले. नंतर अठराव्या शतकात अहमदशहा अब्दालीने, ज्याला आपण पानिपतामुळे ओळखतो, १७५७ मध्ये हे स्थान भ्रष्ट केले. १७६२ मध्ये त्याने सुरुंगाची दारू लावून मंदिर उडवले आणि तलाव बुजवला. शिखांनी तलाव उपसला आणि इमारत पुन्हा बांधली. आज आपण पाहतो ती वास्तू मुख्यतः त्या बांधणीतली. सूरह हजमध्ये मशिदींबरोबर मठ, चर्च आणि यहुद्यांच्या इबादतगाहांचाही उल्लेख येतो आणि त्यांच्या रक्षणाची गोष्ट येते. ती आयत वाचणाऱ्याने अब्दालीच्या या कृत्याचे समर्थन कसे करावे? त्याचे नाव मुसलमानाचे होते, एवढे कारण पुरेसे नाही.

आता वास्तूविषयी. साधारणपणे पवित्र इमारत उंच जोत्यावर असते आणि आपण पायऱ्या चढून वर जातो. येथे उलट आहे. परिक्रमेत येण्यासाठी पायऱ्या उतराव्या लागतात. येणाऱ्याने नम्र होऊन यावे, असा त्याचा अर्थ सांगतात. मंदिराला चारही दिशांना दरवाजे आहेत, म्हणजे कोणत्याही जातीच्या, कोणत्याही दिशेच्या माणसाला मज्जाव नाही. तलावाची प्रत्येक बाजू सुमारे दीडशे मीटर आहे. दर्शनी ड्योढी या कमानदार प्रवेशद्वारातून सुमारे साठ मीटर लांबीच्या संगमरवरी पुलावरून मंदिरात जाता येते.

इमारत आकाराने मोठी नाही. खालचा मजला पांढऱ्या संगमरवराचा आणि वरचा भाग सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यांनी मढवलेला आहे. संगमरवर आणि सोन्याचे हे काम एकोणिसाव्या शतकात महाराजा रणजितसिंह यांच्या काळात झाले. मुलाम्याच्या कामाचा जाणकार म्हणून यार मुहम्मद खान या मिस्त्रीचे नाव सांगितले जाते. झरोखे, छत्र्या आणि पाकळीदार घुमट पाहताना मोगल आणि राजपूत दोन्ही शैली ओळखू येतात. खालच्या भिंतींवर संगमरवरात रंगीत दगड बसवण्याची जडतकारी आहे. ताजमहालात हीच कला फुलापानांपुरती राहते. येथे त्यात पशुपक्षी आणि माणसेही येतात. आतल्या भिंतींवर वेलबुट्टीची चित्रे, चुन्याच्या गिलाव्यातले नक्षीकाम आणि आरशाच्या तुकड्यांची सजावट आहे.

पहाटे अकाल तख्तातून गुरू ग्रंथ साहिब पालखीतून मंदिरात आणतात आणि रात्री परत नेतात. दरम्यान दिवसभर कीर्तन चालते. गुरू नानकांचे सोबती भाई मरदाना मुसलमान होते आणि रबाब वाजवत. त्यांची परंपरा सांगणारे मुसलमान रबाबी १९४७ पर्यंत या मंदिरात गुरुबाणी गात असत. फाळणी झाली आणि रबाबी घराणी सीमेपलीकडे गेली. शहरातली मोठी मुस्लिम वस्तीही तेव्हाच उठली. आम्ही असरची नमाज हॉल बाजारातल्या खैरुद्दीन मशिदीत अदा केली. १८७६ ची ही देखणी मशीद त्या वस्तीची निशाणी म्हणून उभी आहे.

या स्थानाच्या जखमा जुन्याच आहेत असे नाही. जून १९८४ च्या लष्करी कारवाईत अकाल तख्त उद्ध्वस्त झाले; आजची इमारत त्यानंतर बांधलेली आहे.

आपले काही वाचक विचारतील, मुसलमानाने तेथे जावे का? आमचा अनुभव सांगतो. डोके झाकायचे, चपला बाहेर ठेवायच्या, पाय धुवायचे. या गोष्टी आपल्याला परक्या नाहीत. तंबाखू मात्र जवळ ठेवायची नाही. लोक ग्रंथासमोर माथा टेकत होते. सजदा फक्त अल्लाहला, हा आमचा अकीदा. म्हणून आम्ही अदबीने उभे राहिलो आणि पुढे सरकलो. कोणी टोकले नाही, कोणी रोखून पाहिलेही नाही. लंगरमध्ये रोज हजारो लोक जेवतात. जेवण शाकाहारी असल्याने हलालचा प्रश्नच येत नाही. डाळ, रोटी, भाजी, खीर. रोटी दोन्ही हात पुढे करून घ्यायची. सगळे जमिनीवर एका ओळीत बसतात आणि शेजारी कोण आहे हे कोणी विचारत नाही. मशिदीच्या सफेत उभे राहणाऱ्याला ही ओळ लगेच समजते. जेवल्यानंतर आमची मुले ताटे धुणाऱ्यांच्या रांगेत शिरली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाहीत.

मुलांना अशा जागी न्यावे, पण अर्धी गोष्ट सांगून आणू नये. नुसते मियाँ मीर सांगितले तर ती स्वतःची स्तुती होते आणि नुसता अब्दाली सांगितला तर मुले मान खाली घालून परततात. सोन्याच्या मुलाम्याशी एका मुसलमान कारागिराचे नाव जोडलेले आहे आणि दारू लावणाऱ्या फौजेचा बादशहाही मुसलमानच होता. यांपैकी कोणाच्या वाटेने जायचे, हे दोन्ही नावे ठाऊक असलेल्या मुलालाच ठरवता येईल.