खापरपणजीचा शोध

श्रावणी सोमवारी ओतूरच्या कपर्दिकेश्वराच्या यात्रेत तांदळाच्या पिंडी पाहून झाल्या, की मांडवीच्या कडेनं येताना आजी एका वावराकडे बोट दाखवायची. "मोठ्या दुष्काळात दावणीचे बैल गेले, पण तुमच्या खापरपणजोबानं हे सोडलं नाही." मोठा दुष्काळ म्हणजे १८७६ ते ७८चा. त्या माणसाची ओढ मला तेव्हापासूनची.

नोकरीच्या धबडग्यात वर्षं गेली. मग २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी कचेऱ्यांत गर्दी उसळली. कोतवाल बुकं, कडईपत्रकं बाहेर निघाली, मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मान आला. लोक दाखल्यासाठी येत होते, मी त्या माणसासाठी गेलो. एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरून आमच्या गटाचा जुना सर्व्हे नंबर काढला आणि त्या नंबरापुढे तो सापडला. आधी आडवी रेघ ओढलेली, तिला लगडून बोरूची अक्षरं: त्याचं नाव, मग 'बिन', मग बापाचं नाव, पुढे आकार रुपये-आण्यांत. वाचकानं नाव उच्चारलं आणि माझा गळा दाटला.

पण सरकारनं त्याला ओळखलं ते साऱ्यापुरतंच. दुष्काळात चूल कुणी पेटती ठेवली, हे त्या दप्तरात कुठून येणार? जमीन राखली म्हणतात ती एकट्यानं राखलेली नसते. त्याच्या बायकोचं नाव आजीलाही ठाऊक नव्हतं, आणि हे मला फार लागलं.

ते नाव मिळालं नाशकात. पंचवटीत आमच्या गावच्या तीर्थोपाध्यायांनी लांबट वही उलगडली. खापरपणजोबा बापाच्या अस्थी घेऊन रामकुंडावर आला होता. सोबत भाऊ, आई, आणि बायको, नावानिशी. उपाध्यायांनी तिचं माहेरही टिपलेलं: आंबेगाव, बापाच्या नावासकट. माझ्या मते आपल्याकडचा सगळ्यात माणुसकीचा दस्तऐवज तो हाच. तिथं माणूस एकटा नोंदलाच जात नाही.

जुनं आंबेगाव आता डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. गाव बुडालं तरी त्याचं दप्तर तालुक्याला असायला हवं. तिच्या बापाच्या नावानं जुन्या नोंदींच्या नकला मिळाव्यात म्हणून घोडेगावच्या तहसील कचेरीत मी अर्ज दिला आहे.