सफारीची बस किती वाजताची घ्यावी?



सहलीला निघायचं म्हटलं की आपल्या घरांत पहिला वाद होतो डब्यात काय न्यायचं यावर आणि दुसरा किती वाजता निघायचं यावर. पहिला वाद बायका मिटवून टाकतात. दुसरा मात्र गाडीत बसेपर्यंत चालू असतो. प्राणी बघायला जायचं असेल तेव्हा या दुसऱ्या वादाला खरोखर अर्थ आहे. जनावर आपल्या वेळेला उठतं-बसतं, आपल्या तिकिटावरच्या वेळेला नाही. बहरीनमध्ये आम्ही हे नीट पाहिलं. आजी-आजोबा आणि नातवंडं एकत्र घेऊन फिरणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

सप्टेंबर २०२० मध्ये इस्राएल आणि बहरीन यांचे संबंध जुळले आणि ३० सप्टेंबर २०२१ रोजी गल्फ एअरची मनामाहून तेल अवीवची थेट विमानसेवा सुरू झाली. आमच्या भायखळ्याच्या चाळीतल्या शेजारणीचा मुलगा बरीच वर्षं मनामाला नोकरीला. त्याचा आग्रह होताच. फेब्रुवारी २०२३ मध्ये आम्ही निघालो. आम्ही दोघं, आमची आई, लेक-जावई आणि दोन नातू. आईचं वय तेव्हा ८४, नातू १० आणि ७ वर्षांचे.

बहरीन हा देश केवढा? सुमारे ७८० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबईपेक्षा थोडाच मोठा! मनामाहून दक्षिणेला गाडीने गेलं की इमारती संपतात, वाळू सुरू होते आणि साखीरचा भाग लागतो. तिथेच अल अरीन वन्यजीव उद्यान आहे. ते १९७६ साली सुरू झालं. क्षेत्र सुमारे ७ चौरस किलोमीटर. मोकळ्या राखीव भागात पायी जाऊ देत नाहीत, उद्यानाच्याच बसमधून फिरवून आणतात. ही झाली तिथली सफारी. आफ्रिकेतल्या सफारीसारखी मोठी नाही, पण अरबस्तानातली जनावरं त्यांच्याच मुलुखात बघायला मिळतात, ही गोष्ट लहान नाही.

त्यातलं मुख्य जनावर म्हणजे अरबी ओरिक्स. हे बहरीनचं राष्ट्रीय जनावर. पांढरं शुभ्र अंग, पायांना तपकिरी मोजे घातल्यासारखे, तोंडावर काळे पट्टे आणि लांब, जवळजवळ सरळ शिंगं. अरबीत त्याला 'महा' म्हणतात आणि मुलींची नावंसुद्धा महा ठेवतात. आपण नाही का सुंदर डोळ्यांच्या मुलीला हरिणाक्षी म्हणत? तसंच ते. आपल्याकडे हिब्रूत त्याला 'रेएम' म्हणतात.

आता आईचं सांगतो. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलेला आहे. समोर बघितलं की मधोमध धुरकट, कडेचं त्यातल्या त्यात बरं. निघायच्या आधी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "यांना जे दाखवायचं असेल ते लवकर दाखवा." आईला हा रेएम बघायचा होता. एलातच्या वाटेवर योतव्हाताचं हाय-बार आहे, तिथे हे जनावर पाळलेलं आहे. ज्येष्ठांच्या सहलीबरोबर ती दोनदा तिथे गेली होती. दोन्ही वेळा बस पोचली भर दुपारी. पांढऱ्या उन्हात, पांढऱ्या वाळूवर, पांढरं जनावर! सगळे "ते बघा, ते बघा" म्हणत होते आणि आई नुसती मान हलवत होती.

म्हणून बहरीनला पोचल्यावर आदल्या रात्री बैठकच बसली. जावई म्हणाले, "सावकाश उठू, जेवून एक वाजता जाऊ, म्हातारं माणूस आहे, सकाळी धावपळ नको." यजमान म्हणाला, "काकी, शेवटची फेरी घ्या, उन्हं उतरलेली असतात." नातवांना तर आत्ताच जायचं होतं! शेवटी आई म्हणाली, "माझ्यासाठी जाताय ना? मग पहिली गाडी. उजेड आडवा असतो तेव्हाच मला दिसतं." वाद तिथेच मिटला.

आईचं म्हणणं कसं बरोबर होतं ते सांगतो. वाळवंटातली जनावरं ऊन चुकवून जगतात. उन्हाळ्यात ओरिक्स पहाटे, संध्याकाळी आणि रात्री चरतो. ऊन चढलं की झाडाच्या सावलीत खुरांनी वरची तापलेली माती उकरून खालच्या गार मातीत बसतो. पाणी न पिता नुसत्या पाल्यातल्या ओलाव्यावर तो खूप दिवस काढू शकतो. घाम गाळून पाणी घालवणं त्याला परवडत नाही, म्हणून दिवसा तो अंग तापू देतो आणि रात्रीच्या गारव्यात ती उष्णता सोडून देतो. हिवाळ्यात तो दिवसाही हिंडतो. पण उजेडाचं गणित बाराही महिने सारखंच. दुपारी सूर्य डोक्यावर, त्यामुळे सावली पायाखाली, आणि पांढरं अंग वाळूत विरून जातं. सकाळी ऊन तिरपं असतं, प्रत्येक जनावराच्या बाजूला लांब काळी सावली पडते. अधू डोळ्यांना आधी ती सावली दिसते आणि मग तिच्या धाकाने जनावर सापडतं.

रविवार होता. बहरीनमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, रविवारी लोक कामावर जातात, म्हणून गर्दी नव्हती. आईने चढता चढताच चालकाला आपल्या मुंबईच्या हिंदीत विचारलं, "भैया, सूरज किस बाजू आएगा?" तो हसला आणि तिला अशा बाजूला बसवलं की ऊन पाठीवर येईल. समोरून ऊन आलं की काचेवर चकाकतं आणि चांगल्या डोळ्यांनाही काही दिसत नाही. बस हळू चालली होती. आधी हरणं दिसली, मग ओरिक्सचा कळप, उभा आणि चालता. चालकाने बस थांबवली. आई काचेला कपाळ लावून, मान थोडी तिरकी करून बघत राहिली, कारण तिला कडेनेच दिसतं. मग म्हणाली, "शिंगं दिसली. दोन आहेत. आणि त्या पलीकडे लहानगं आहे ना?" होतं! त्या पिलाकडे आमचं कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. पिलू तपकिरी असतं, मातीच्या रंगात लपतं, पण त्याची सावली आईने हेरली. धाकट्या नातवाने विचारलं, "मोठी आजी, तुला तर दिसत नाही ना?" ती म्हणाली, "बघायची वेळ बरोबर असली की दिसतं रे."

दुसऱ्या दिवशी जावई मुलांना घेऊन दुपारच्या फेरीला गेले. त्यांनीही बरंच पाहिलं. गुलाबी रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, पाण्यात उभे होते आणि उन्हात रंग छान खुलला होता. पण ओरिक्स बहुतेक सावलीत बसलेले, त्यांची पाठ तेवढी दिसली. तेव्हा दुपार अगदीच वाया जाते असं नाही. तरुण डोळे असतील आणि महिना हिवाळ्याचा असेल तर चालून जातं. आईला मात्र तिथे काही मिळालं नसतं.

बालमित्रांनो, आता तुमच्यासाठी. ओरिक्सला बरोबर बाजूने बघितलं की दोन शिंगांचं एकच दिसतं. एकशिंगी घोड्याच्या गोष्टी यावरूनच निघाल्या असाव्यात असं काही जण म्हणतात. हे जनावर जगातून जाता जाता वाचलं आहे. बंदुका आणि मोटारी आल्यावर शिकार इतकी झाली की १९७२ साली ओमानमध्ये शेवटचा रानटी ओरिक्स मारला गेला. पण १९६२ मध्येच काही शहाण्या माणसांनी थोडे ओरिक्स पकडून अमेरिकेतल्या फिनिक्स शहराच्या प्राणिसंग्रहालयात नेऊन वाढवायला सुरुवात केली होती. त्या कळपाच्या वंशातले ओरिक्स १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात पुन्हा सोडले. आपल्या इस्राएलच्या अरावातही १९९७ पासून सोडले गेले. २०११ मध्ये त्यांचा धोका एक पायरी कमी झाल्याचं जाहीर झालं. रानातून पार नाहीसं झालेलं जनावर इतकं सावरल्याचं हे पहिलंच उदाहरण.

वेळेचा हा नियम सगळीकडे लागू आहे. मुंबईच्या राणीच्या बागेत दुपारी गेलं की पिंजऱ्यातलं जनावर झोपलेलं असायचं आणि आपण शेंगा खात बसायचो, हे आमच्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या वाघ-सिंहांचंही तेच. सिंह तर दिवसाचा बहुतेक वेळ झोपण्यातच घालवतो. १९७४ साली सुरू झालेल्या रामात गानच्या सफारीत आपलीच गाडी आत नेता येते, तिथेही सकाळी लवकर जाणाऱ्याला जास्त दिसतं.

वयस्कर मंडळींसाठी आमचे चार शब्द. पहिली फेरी घ्यावी, ती नाही जमली तर शेवटची, मधली टाळावी. उद्यानाच्या वेळा ऋतूप्रमाणे आणि रमजानमध्ये बदलतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारावं. गोळ्या आणि नाश्ता आटपूनच निघावं, विशेषतः साखरेचा आजार असेल तर. उतारवयात तहान लागलेली लवकर कळत नाही, तेव्हा तहान नसली तरी घोट घोट पाणी घ्यावं. बसमध्ये चढण्याआधी बाथरूमला जाऊन यावं, बस मध्ये थांबत नाही. जोराचा वारा असेल, ज्याला तिथे शमाल म्हणतात, तर धूळ उडते आणि डोळ्यांना त्रास होतो. त्या दिवशी बेत पुढे ढकलावा. उन्हाळ्यात म्हाताऱ्यांना तिकडे नेऊच नये. तिथल्या सरकारने उन्हाळ्याच्या कडक महिन्यांत दुपारी १२ ते ४ उघड्यावर काम करायला कामगारांना मनाई केली आहे, यावरून काय ते समजावं. उद्यानाजवळच मोटार शर्यतीचं मोठं मैदान आहे. २०१४ पासून तिथली फॉर्म्युला वन शर्यतसुद्धा दिवे लावून संध्याकाळनंतर होते! शर्यतीच्या दिवसांत रस्ते भरलेले असतात, तेही बघून जावं.

आणि संध्याकाळ मोकळी राहिली तर जीवनवृक्ष बघावा. अरबीत शजरत-अल-हयात. आजूबाजूला नुसती वाळू आणि मधे एकटं सुमारे ३२ फूट उंच, जवळजवळ ४०० वर्षांचं झाड. आईने पाला हातात घेऊन चुरला आणि म्हणाली, "ही तर शमी!" खरंच शमी. राजस्थानात हिलाच खेजडी म्हणतात. दसऱ्याला आमचे हिंदू शेजारी जिची पूजा करायचे तीच ही. इथे मावळतीची वेळ चांगली, कारण झाड कुठे पळून जात नाही आणि तेव्हा वाळू निवलेली असते.

ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या भागात लढाईचे दिवस आले आणि असे प्रवास पूर्वीइतके सोपे राहिले नाहीत. आईची नजरही आता आणखी मंदावली आहे. पण योतव्हाता जवळ आहे, रामात गान त्याहून जवळ. घरात कुणी वडीलधारं असेल आणि त्यांची बघण्याची हौस शिल्लक असेल, तर वेळ त्यांच्या डोळ्यांच्या सोयीने ठरवा आणि तरुणांनी एक दिवस लवकर उठा. वाचकांपैकी कुणी सकाळी योतव्हाताला जाऊन आलं असेल तर काय काय दिसलं ते जरूर कळवावं. आम्ही ते आईला वाचून दाखवू.