दान दिलेला प्रोजेक्टर आणि त्याचा घसारा

आपल्या व्यापारी घरांत दानाला कधी उणेपणा आलेला नाही. पाणपोई, पांजरपोळ, धर्मशाळा, दवाखाना, गरजू विद्यार्थ्यांची फी ही जुनी यादी सर्वांच्या परिचयाची आहे. अलीकडे तिच्यात संगणक, पाणी शुद्ध करणारे यंत्र आणि डिजिटल प्रोजेक्टर यांची भर पडली आहे. वडिलांच्या पुण्यस्मरणार्थ किंवा घरातील तपश्चर्येच्या अनुमोदनार्थ शाळेला यंत्र दिले जाते, त्यावर नावाची पट्टी लागते, छायाचित्र निघते. इथवर सर्व उत्तम. परंतु पाणपोईचा रांजण कसा भरावा हे गावात कोणाला शिकवावे लागत नाही. प्रोजेक्टरचे तसे नाही, आणि आज मला त्याविषयीच लिहावयाचे आहे.

आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागातील लोणी हे माझे गाव. बँकेत 35 वर्षे नोकरी केली, बदल्यांमागून अनेक तालुके पाहिले आणि निवृत्तीनंतर येथे स्थिरावलो. लोणी-धामणीचा हा पट्टा पाण्याच्या बाबतीत कायम ओढगस्तीचा. आपल्या समाजाची घरे मोजकी. किराणा आणि कापड हे त्यांचे व्यवसाय. पुढची पिढी बहुतांशी पुण्याला गेली. मागे राहिलेल्यांमध्ये 84 वर्षांचे एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत, त्यांना सारे गाव काका म्हणते. पत्नीच्या निधनानंतर त्यांनी आमच्या भागातील एका शाळेला 48,000 रुपयांचा प्रोजेक्टर दिला. काकूंना अक्षरओळख नव्हती. नातवंडांच्या पुस्तकातील चित्रे पाहून त्या आपल्या मनाने गोष्टी रचून सांगत. म्हणून काकांनी पंखे किंवा बाके न देता चित्र मोठे करून दाखवणारे यंत्र निवडले.

दोन वर्षे लोटली. एके दिवशी दुकानात काका मला म्हणाले, "तुम्ही बँकेतले. एकदा जाऊन बघा, आमच्या हिचं यंत्र चालतं का? मी विचारलं तर मास्तरांना वाटेल, म्हातारा हिशोब मागतोय."

मी गेलो. यंत्र कपाटात, मूळ खोक्यात होते. मुख्याध्यापक भले गृहस्थ. त्यांनी काही लपवले नाही. "दिवा गेला तर आठ हजार रुपये कोठून आणू? वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढली आहे. बिघडली तर उत्तर मला द्यावे लागेल. कपाटात आहे तोवर सुरक्षित आहे," असे ते म्हणाले. प्रोजेक्टरच्या मेन्यूमध्ये दिवा किती तास जळला याची नोंद असते. ती मी उघडून पाहिली. दोन वर्षांत 11 तास.

आयुष्यभर ताळेबंद पाहिलेल्या माणसाला या उत्तरातील गफलत लगेच दिसते. वस्तू कपाटात ठेवली म्हणून तिचा घसारा थांबत नाही. 48,000 रुपयांच्या यंत्राचे उपयुक्त आयुष्य सहा वर्षे धरले, तर वर्षाला 8,000 रुपये खर्ची पडतात, मग ते चालो वा न चालो. दोन वर्षांत 16,000 रुपये गेले आणि मुलांनी पाहिले 11 तास.

आता चालवण्याचा खर्च पाहू. या यंत्राच्या दिव्याचे आयुष्य 4,000 तास आणि नव्या दिव्याची किंमत 8,000 रुपये, म्हणजे तासाला 2 रुपये. यंत्र सुमारे 300 वॅट वीज घेते. युनिटचा दर 8 रुपये धरला तर तासाला 2 रुपये 40 पैसे. एकूण 4 रुपये 40 पैसे. वर्गात 40 मुले असतील तर प्रत्येकी 11 पैसे. वर्षाचे 200 दिवस रोज दोन तास लावले तरी हा दिवा दहा वर्षे पुरेल, म्हणजे यंत्राच्या आयुष्यापेक्षाही अधिक. ज्या दिव्याच्या भीतीने यंत्र कोंडले होते, तो दिवा बदलण्याची वेळ बहुधा येणारच नव्हती. हा हिशोब मी कागदावर मांडून मुख्याध्यापकांना दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि कपाटाची किल्ली माझ्यासमोर ठेवली.

परंतु भीती निघाली तरी यंत्र लावणार कोण, हा प्रश्न उरतोच. या बाबतीत आपल्या महाराष्ट्राचा इतिहास बोलका आहे. 1890 च्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' या नावाने काचेवरील रंगीत चित्रे दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर दाखवण्याचे खेळ केले. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली, तीही त्यांच्या माणसाने आणलेल्या यंत्रावर. पुढे गावोगावच्या जत्रांत तंबूतले सिनेमे आले. यंत्र, कनात आणि यंत्र चालवणारा ऑपरेटर एकाच ट्रकमधून उतरत. फीत तुटली तर तो जोडी, दिवा मंदावला तर कार्बनच्या कांड्या पुढे सरकवी. यंत्रासोबत माणूस येई, हा तेव्हाचा रिवाज होता. आज यंत्र पुठ्ठ्याच्या खोक्यातून एकटेच येते आणि आपण ते सुपूर्त करून परततो.

म्हणून आम्ही आधी माणसे तयार केली. शिक्षकांच्या बदल्या होतात, हे ध्यानात घेऊन नववीतील दोन मुलींना आणि एका शिक्षिकेला शिकवायचे ठरवले. आमच्या समाजातील एक तरुण दुकानदार विद्युत उपकरणांचा जाणकार आहे, तो रविवारी येऊ लागला. ज्या गोष्टी शिकवल्या त्या वाचकांनाही उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट अंतराची. प्रत्येक प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात 'थ्रो रेशो' हा आकडा असतो. तो 1.5 असेल तर सहा फूट रुंद चित्रासाठी यंत्र नऊ फुटांवर ठेवावे. हा गुणाकार आधी केला की टेबल पुढे-मागे ओढण्यात तास वाया जात नाही. दुसरी गोष्ट उंचीची. यंत्राखाली पुस्तके घालून तोंड वर केले की चित्र वर रुंद आणि खाली अरुंद होते. ते सरळ करण्यासाठी 'कीस्टोन' नावाची सोय असते, परंतु तिने चित्राचा काही भाग कापला जातो व अक्षरे पुसट होतात. त्यापेक्षा टेबलच योग्य उंचीचे घ्यावे आणि यंत्र सपाट, पडद्याच्या बरोबर समोर ठेवावे. पडदा विकत घेणे आवश्यक नाही. गुळगुळीत भिंतीला पांढरा मॅट रंग दिला तरी काम भागते. चित्राची खालची कड जमिनीपासून चार फूट वर असली म्हणजे मागच्या रांगेतील मुलाला पुढच्याचे डोके आड येत नाही.

आम्ही खेळ दिवसाच ठेवतो, याचे कारण आपल्या वाचकांना सांगण्याजोगे आहे. रात्री प्रकाशाच्या झोताकडे पतंग, पाकोळ्या झेपावतात आणि यंत्राचा पंखा त्यांना आत ओढतो. जयणेच्या दृष्टीने ते योग्य नाही, यंत्रालाही ते घातक. शिवाय दुपारी बसले म्हणजे सूर्यास्तापूर्वी घरी पोचता येते. मात्र दिवसा खोली अंधारी करावी लागते. खिडक्यांना जाड काळे कापड लावले. दिवसाच्या वापरासाठी किमान 3,000 अॅन्सी ल्युमेनचे यंत्र असावे. स्वस्त यंत्रांवर नुसते 'ल्युमेन' लिहून मोठमोठे आकडे छापलेले असतात. खरेदी करताना 'अॅन्सी' हा शब्द पाहावा. तसेच '1080 पी सपोर्ट' म्हणजे यंत्र तेवढे स्पष्ट चित्र दाखवते असे नव्हे. त्याचे स्वतःचे, म्हणजे 'नेटिव्ह', रिझोल्यूशन किती हे दुकानदाराला विचारून बिलावर लिहून घ्यावे.

हाताळणीची शिस्त थोडकी आहे. काम संपले की मुख्य बटण खटकन बंद करू नये. रिमोटने बंद करावे आणि आतला पंखा थांबेपर्यंत, मिनिट-दोन मिनिटे, वाट पाहावी. वीज अचानक गेली तर पंखाही थांबतो आणि दिव्याची उष्णता आत कोंडते, म्हणून आमच्याकडे छोटा इन्व्हर्टर ठेवला आहे. हवेची जाळी महिन्यातून एकदा मऊ कुंचल्याने साफ करावी. खडूची भुकटी आणि आमच्या शिवारातली माती तिथे जमते. आवाजासाठी वेगळा स्पीकर हवाच. यंत्रातला आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे जात नाही.

दाखवायचे काय, हाही प्रश्न होता. बालभारतीच्या पुस्तकांत छापलेले क्यूआर कोड दीक्षा अॅपने उघडता येतात आणि त्यातील चित्रफिती आधी उतरवून ठेवल्या की वर्गात इंटरनेट लागत नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोडचा उपयोग करून दाखवला आणि 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळवला. साधन साधेच होते, त्यामागे माणूस होता. आम्ही जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरातील अंबा-अंबिका लेण्यांची छायाचित्रेही दाखवली. लेणी मूळची बौद्ध, पुढे तेथे जैन मूर्ती कोरल्या गेल्या. एवढ्या जवळ असूनही डोंगर चढणे न जमलेले आमचे ज्येष्ठ त्या दिवशी मुलांसोबत बसले होते. साधू-साध्वींच्या सान्निध्यात विजेची उपकरणे अनेक संप्रदायांत वर्ज्य आहेत, म्हणून हा कार्यक्रम शाळेतच होतो, स्थानकात नाही.

काकाही आले होते, अगदी मागच्या बाकावर. अंबिकेची मूर्ती भिंतीवर उमटली तेव्हा यंत्र चालवणारी मुलगी पुढच्या चित्राकडे निघाली होती. काका म्हणाले, "बाळ, थोडं थांब. घाई नाही." तिने चित्र तसेच ठेवले आणि मूर्तीच्या मांडीवर बसलेले मूल कोण असेल, असे मुलांना विचारले. मुले आपापल्या मनाने सांगू लागली. काका ऐकत राहिले.

दिव्याच्या तासांचा आकडा आता 163 आहे. दर महिन्याला त्या मुली तो वहीत लिहितात आणि वहीचे पान काकांना दाखवतात.

दान देऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांना माझी एक विनंती आहे. यंत्र देताना दानपत्रात चार ओळी अधिक लिहाव्यात. किमतीच्या दहा टक्के रक्कम देखभालीसाठी वेगळी ठेव म्हणून द्यावी. किमान दोन व्यक्तींना, त्यांपैकी एक विद्यार्थी, चालवायला शिकवण्याची व्यवस्था असावी. वापरताना बिघाड झाल्यास कोणा एका शिक्षकाला जबाबदार धरू नये, हे स्पष्ट लिहावे. ही ओळ सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी आहे. आणि वर्षातून एकदा दात्याने स्वतः जाऊन, हिशोब मागण्यासाठी नव्हे तर पाहण्यासाठी, वर्गात मागच्या बाकावर बसावे.

आपल्या परंपरेत ज्ञानदान मोठे मानले आहे. न वापरलेली वस्तू मात्र कोणाच्याही कपाटात असो, ती परिग्रहच होय. आपण यापूर्वी एखाद्या शाळेला असे यंत्र दिले असेल, तर या सुटीत गावी जाल तेव्हा मेन्यू उघडून दिव्याचे तास अवश्य पाहा.