आधी तोल, मग पायडल

सायकलच्या मागच्या चाकाला लावलेली ती दोन छोटी चाकं काढून टाका, असं मी सांगितलं की बहुतेक आईबाबांचे चेहरे उतरतात. मुलाला सेरेब्रल पाल्सी असते किंवा डाउन सिंड्रोम असतो, त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलेलं असतं, आणि मी आहे तो आधारही काढायला सांगत असते. पण ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून माझं ठाम मत आहे की ती चाकंच त्याला सायकल शिकू देत नाहीत.

सायकल डावीकडे कलली की हँडल किंचित डावीकडे वळवावं लागतं. मग चाकं पुन्हा अंगाच्या भाराखाली येतात आणि सायकल सावरते. चालवणारा हे सतत, नकळत करत असतो. बाजूची चाकं सायकलला कलूच देत नाहीत. वळणावर मूल बाहेरच्या अंगाला झुकतं, हँडलवर रेलतं, आणि कितीही चालवलं तरी तोल म्हणजे काय ते शरीराला उमगत नाही. ज्याचे स्नायू सैल आहेत किंवा एक बाजू दुबळी आहे, त्याची ही सवय मोडणं फार जड जातं.

म्हणून मी पायडलंसुद्धा काढायला लावते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवलं की सुटतं. सीट इतकी खाली घ्यायची की बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकतील. आता मूल पायांनी रेटत पुढे जातं. टांगा लांब पडू लागतात, मध्येच दोन्ही पाय उचलले जातात आणि सायकल आपसूक थोडी धावते. अगदी हलका उतार मिळाला तर उत्तम. कार्ल ड्राइस यांनी जर्मनीत 1817 साली चालवून दाखवलेल्या दुचाकीलाही पायडलं नव्हती, ती आली 1860 च्या दशकात. माणसंसुद्धा आधी तोलच शिकली.

मागून धावणाऱ्या बाबांनी हँडल धरू नये, सीटही धरू नये. सायकल धरली की तिचं कलणं तुमच्या हाताला कळतं, मुलाला कळत नाही. काखेखालून छातीभोवती रुंद पट्टा घ्या, तो मागून सैल धरा आणि मूल खरंच पडत असेल तेव्हाच ताणा.

पुढचं मात्र मुलागणिक बदलतं. डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो, त्यामुळे आधी डॉक्टरांना मान दाखवल्याशिवाय मी सुरुवात करत नाही. एका बाजूचा हात दुबळा असेल तर दोन्ही ब्रेक चांगल्या हाताच्या एकाच दांडीला जोडून घेता येतात. स्वमग्न मुलाला सूचनांचा मारा सोसत नाही. ‘समोर बघ’ एवढंच, तेही एकाच माणसानं म्हणावं. ब्रेक लावून थांबणं मी सगळ्यांनाच पायडलांआधी शिकवते, कारण थांबता येतं हे कळलं की भीती निम्मी होते.

अमेरिकेत रिचर्ड क्लाइन या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनी मागच्या चाकाच्या जागी रूळ बसवलेल्या सायकली अशा मुलांसाठी तयार केल्या. रूळ टप्प्याटप्प्यानं अधिक निमुळते लावत जायचे, म्हणजे सायकल रोज थोडी जास्त कलते. मिशिगन विद्यापीठातल्या डेल उलरिच यांचा 8 ते 15 वर्षांच्या डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांवरचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. पाच दिवसांच्या शिकवणीत निम्म्याहून थोडी अधिक मुलं दुचाकी चालवू लागली आणि वर्षभरानं पाहिलं तर त्यांचं नुसतं बसून राहणं कमी झालं होतं. मला हा दुसरा निष्कर्ष मोलाचा वाटतो.

काही मुलांना दोन चाकं जमणार नाहीत, त्यांना मोठी तीनचाकी द्यावी आणि ती देताना आवाजात हळहळ नसावी. न्यूरेंबर्गचे घड्याळजी स्टेफान फार्फ्लर यांना पायांनी चालता येत नव्हतं. त्यांनी 1655 च्या सुमारास हातांनी फिरवायची तीनचाकी स्वतःसाठी बनवली, ड्राइस यांच्या कितीतरी आधी.

आपल्या शहरांत अडतं ते जागेवर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्या, रस्त्यावर जीव मुठीत. या दिवाळीच्या सुट्टीत शाळांच्या विश्वस्तांनी सकाळी दोन तास मैदानाचं फाटक उघडं ठेवावं आणि शेजारपाजारच्या अशा मुलांना आत येऊ द्यावं, एवढी विनंती आहे.