सहा मीटरचा तक्ता, नऊ फुटी टेबल

चष्मा लावून पूल खेळणाऱ्याची अडचण चष्मा नसलेल्याला सांगून पटत नाही. शॉटसाठी खाली वाकून हनुवटी क्यूला टेकवली, की डोळ्यांना भुवयांखालून वर बघावं लागतं. नजर काचेच्या मध्यातून न जाता वरच्या कडेतून जाते आणि लांबच्या बॉलवर नेमकी फ्रेम आडवी येते. मग खेळाडू डोकं चार बोटं वर ठेवायला शिकतो. मान ताठ राहते, खांदा वर येतो, कोपराचा झोका बदलतो. वर्षानुवर्षं असं खेळलं की हाच त्याचा स्टान्स होऊन बसतो.

माझा नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस पाचच्या आसपास होता, उजव्याला थोडा सिलिंडरही. अशा काचेतून मध्याच्या एक सेंटिमीटर वरून पाहिलं, तर ती प्रिझमसारखी वागते आणि एक मीटरवरची वस्तू पाच सेंटिमीटर सरकलेली दाखवते. मेंदू हे सांभाळून घेतो. पण काचेच्या कडेला हे सरकणं वाढत जातं, त्यामुळे मान जराशी तिरकी झाली तरी सरळ क्यू टोकाकडे वाकल्यासारखा भासतो. दीड फुटावरच्या पॉटला याने काही बिघडत नाही. टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाच्या पॉकेटमध्ये बॉल घालायचा असेल, तेव्हा मात्र आपण कुठल्या रेषेवर विश्वास ठेवतोय हेच कळेनासं होतं.

क्यूच्या खेळांत ही अडचण जुनीच आहे. 1985 साली शेफिल्डच्या क्रूसिबल थिएटरमध्ये स्नूकरच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात डेनिस टेलरने स्टीव्ह डेव्हिसला शेवटच्या फ्रेमच्या शेवटच्या ब्लॅकवर 18-17 असं हरवलं. तो सामना ज्यांनी पाहिलाय, त्यांना टेलरचा चष्मा आठवत असेल. उलटा घातल्यासारखा दिसणारा, काचा भुवयांच्याही वर गेलेल्या. लोकांना त्याची गंमत वाटायची. पण तो त्या काळी या अडचणीवर काढलेला सगळ्यात विचारी तोडगा होता. वाकल्यावर नजर जिथून जाते, तिथेच काचेचा मध्य आणून ठेवला होता. तो घडवण्यामागे जॅक कार्नेम होते. ते स्वतः बिलियर्ड्सचे खेळाडू आणि समालोचक, म्हणून त्यांना नेमकं कुठून बघायचं असतं ते ठाऊक होतं.

कॉन्टॅक्ट लेन्सनी काचेचा मध्य डोळ्याबरोबर फिरतो, पण पूल पार्लरच्या एसीत त्या सुकतात. नेम धरताना आपण पापणी लववतच नाही, त्यामुळे अजूनच. शेवटी मी लेसर करून घ्यायचं ठरवलं.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. लॅसिकमध्ये त्याचा शंभर-सव्वाशे मायक्रॉनचा एक पापुद्रा बाजूला करतात, खालचा भाग लेसरने घासून त्याची गोलाई कमी करतात आणि पापुद्रा पुन्हा बसवतात. एका नंबरमागे बारा ते पंधरा मायक्रॉन जातात. म्हणजे माझ्या पाच नंबरसाठी केसाच्या जाडीइतकाच थर. हे काम करणारा लेसर 193 नॅनोमीटरचा. तो शेजारची पेशी न भाजता ऊतक काढू शकतो, हे दाखवणाऱ्यांत मद्रासला जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन होते. 1981 मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत त्यांनी थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेल्या टर्कीवर तो चालवून पाहिला होता. मला हा किस्सा फार आवडतो. आज पार्लरमध्ये चष्मा उतरवून खेळणारी जी पोरं दिसतात, त्यांच्या मागे त्या उरलेल्या मांसाचा तुकडा आहे.

आता टेबलाकडे येतो.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पुन्हा क्यू हातात घेतला, तेव्हा पहिली गोष्ट जाणवली ती बॉलच्या आकाराची. मायनस पाचच्या चष्म्यातून सगळं जग सहा-सात टक्के लहान दिसतं. तो चष्मा गेला आणि बॉल मोठे दिसू लागले, म्हणून जवळही वाटू लागले. पट्ट्यांच्या कडा अशा स्पष्ट, की बॉल फिरताना पट्टा कसा गुंडाळत जातो तेही दिसावं. आणि तरीही माझी पोझिशन सारखी चुकत होती. पांढरा बॉल जिथे पोचवायचा, त्याच्या वीतभर अलीकडेच थांबायचा. अंतर कमी भासायचं, म्हणून हात आपसूक हलका पडायचा.

कट शॉटचं मात्र फारसं बिघडलं नाही. सगळंच एका प्रमाणात मोठं झालं, तर अर्धा बॉल झाकला जातो तो अर्धाच झाकला जातो, आणि अर्ध्या बॉलचा कट तीस अंशांचाच राहतो. जवळचे शॉट लगेच जमले. फसत होते ते लांबचे आणि त्यातही सरळ. याचं उत्तर आमच्या पार्लरच्या मार्करने दिलं. टेबलाच्या पलीकडच्या टोकाला उभा राहून तो बराच वेळ बघत होता.

“सर, चष्मा गेला ना तुमचा?”

“हो, गेला.”

“मग मान अजून चष्म्यातच आहे. खाली या.”

मी हनुवटी क्यूला टेकवली. फ्रेम आड येत नव्हती, वरची कड नव्हती, क्यूपासून बॉलपर्यंत आणि बॉलपासून पॉकेटपर्यंत सगळं एका दृष्टिक्षेपात. पण डोकं खाली आलं, की क्यू ज्या डोळ्याखाली यायला हवा त्या डोळ्याखाली येत नाही. प्रत्येकाचा एक डोळा नेम धरताना पुढाकार घेतो. माझा उजवा. उंच मानेच्या सवयीत क्यू नाकाच्या मध्याखाली जायचा, आता तो उजवीकडे सरकवावा लागला. त्यासाठी उजवं पाऊल बदललं, मग कंबर. हे नव्याने बसायला डोळे बरे व्हायला लागला त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. लेसरने मला तो स्टान्स शक्य करून दिला. तो अंगात मुरवणं माझं काम होतं. ऑपरेशननंतर दोन आठवड्यांत “खेळ बिघडला” म्हणून हताश होणारी मुलं मला भेटतात, तेव्हा मी आधी त्यांची मान बघतो.

डोळे कोरडे पडणं हा दुसरा त्रास. पापुद्रा करताना कॉर्नियाच्या बारीक नसा कापल्या जातात आणि त्या परत जुळेपर्यंत काही महिने डोळ्यांना कोरडेपणाची नीट जाणीवच होत नाही. त्यात पूलच्या खेळाडूची टक लावायची सवय. अश्रूंचा थर फाटला, की बॉलवर पडलेलं दिव्याचं प्रतिबिंब पसरतं आणि कड जाड दिसते. मी उभा असतानाच शॉट ठरवून दोनदा पापण्या पूर्ण मिटतो आणि मगच वाकतो. डोळ्यांत घालायचे थेंब संपले तरी ती सवय ठेवली आहे.

आता चाळिशी ओलांडलेल्या मंडळींविषयी, कारण तिथे निर्णय खरोखर अवघड आहे. डोळे तपासायचा तक्ता सहा मीटरवरचा असतो. नऊ फुटी टेबलाचा खेळण्याचा भाग 254 बाय 127 सेंटिमीटर. वाकल्यावर पांढरा बॉल डोळ्यापासून जेमतेम हातभर लांब असतो आणि सगळ्यात दूरचं पॉकेटही साडेतीन-चार मीटरच्या आत. म्हणजे तक्त्याच्या अंतरावर या खेळात काहीच नसतं. तरुण डोळा हे सहज पेलतो. पन्नाशीनंतर मात्र लांबचं अगदी स्वच्छ करून दिलं, तर पॉकेट लख्ख आणि पांढरा बॉल धूसर असं होऊ शकतं. शिवाय मायनसचा चष्मा जवळचं बघायला थोडी मदत करत असतो. लेसरनंतर तीही जाते.

यावर एक डोळा लांबचा आणि दुसरा जवळचा ठेवायची पद्धत आहे. वाचायला ती सोयीची. पण दोन्ही डोळ्यांनी मिळून खोलीचा जो अंदाज येतो, तो त्यात कमी होतो. दोन डोळ्यांतला फरक फार ठेवला, तर नेमाचा पुढाकार कुठल्या डोळ्याने घ्यायचा यातच गोंधळ उडू शकतो. माझ्याबरोबर खेळणारे एक काका याच विचारात होते. मी त्यांना म्हटलं, “काका, डॉक्टरांना नुसतं ‘चष्मा नको’ म्हणू नका. मेजरिंग टेप घेऊन टेबलावर वाकून बघा, डोळ्यापासून पांढऱ्या बॉलपर्यंत किती आणि लांबच्या पॉकेटपर्यंत किती. ते दोन आकडे लिहून न्या.” डॉक्टरांनी त्यांना त्याच नंबरच्या कॉन्टॅक्ट लेन्स काही दिवस लावून खेळून बघायला सांगितलं. फरक थोडाच ठेवला, तेव्हा कुशनला चिकटलेले बॉलही त्यांना नीट दिसत होते. फरक वाढवला, की लांबचे सरळ पॉट सुटायचे. त्यांनी कमी फरकाचा आकडा घेतला आणि पेपर वाचायला चष्मा राहू दिला.