नासिकचीं आफ्रिकन मुलें

बंदराचा इतिहास लिहितांना आपण कापसाच्या गांठी मोजतों. माणसें मोजावयाचीं राहून जातात. इंदिरानगरांतून शरणपूर रस्त्यास जातांना मला हें विशेष जाणवतें.

एकोणिसाव्या शतकांत अरबी गलबतांतून गुलाम म्हणून नेलीं जाणारीं कित्येक आफ्रिकन मुलें इंग्रज आरमारानें सोडवून मुंबई बंदरांत उतरविलीं. त्यांपैकीं कांहींना शरणपुरास मिशनऱ्यांनीं आश्रय दिला. सुतारकी, लोहारकी व लिहिणें-वाचणें शिकविलें. १८६६ सालीं लिव्हिंग्स्टन येथील नऊ तरुण आफ्रिकेस घेऊन गेला. १८७३ मध्यें तो वारल्यावर त्याचें शव रानावनांतून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्या मंडळींत येथेंच शिकलेला जेकब वेनराइट होता. पुढील वर्षीं शवाबरोबर तो इंग्लंडासही गेला. १८७५ सालीं मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठीं फ्रीअर टाऊन वसलें, तेव्हां नासिकची मंडळी तेथेंही पोंचली.

तिकडे त्यांस ‘नासिकचीं मुलें’ म्हणत. ज्यांचें गांव, आईबाप, नांवसुद्धां हिरावलें गेलें, त्यांस ओळख मिळाली ती आपल्या गांवाची! वर्गांत हें सांगितलें म्हणजे नासिकचेच विद्यार्थी चकित होतात. गोदावरीच्या यात्रेकरूंची आपण वंशावळ राखतों. या पाहुण्यांचीही राखावयास नको काय?